भिंत झाकायला वेल हवी होती, तीही बारा महिने हिरवी

आमच्या घराच्या मागे कंपाउंडची भिंत आहे. सहा फूट उंच, तीस फूट लांब, आणि किचनच्या खिडकीतून समोर तीच दिसते, म्हणजे चहा टाकताना, कुकर लावताना, भांडी विसळताना दिवसातून पन्नास वेळा माझी नजर तिच्यावरच जाते. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तिला फिकट पिवळा सिमेंट पेंट होता, दोन पावसाळ्यांत ती काळी पडली. भिंत प्लॉटच्या पूर्वेच्या कडेला आहे, त्यामुळे आमच्याकडचं तिचं तोंड पश्चिमेला. पुण्यात पाऊस येतो तो पश्चिमेकडूनच, तिरपा, आणि सगळा तिच्या अंगावर. उन्हाळ्यात दुपारी एकपासून मावळतीपर्यंतचं ऊनही तिच्याच अंगावर. मे महिन्यात रात्री नऊ वाजता भिंतीला हात लावला तरी गरम लागायची, आणि ती गरमी खिडकीतून आत यायची.

म्हणून वेल. दिसायला छान दिसेल हे तर होतंच पण मला मुळात तो तापलेला, शेवाळलेला सिमेंटचा पडदा डोळ्यांसमोरून हलवायचा होता. अट एकच, बारा महिने हिरवी पाहिजे, कारण चार महिने पानं आणि आठ महिने काटक्या असं असेल तर तीस फूट काटक्या बघण्यापेक्षा भिंत बरी.

ही भिंत झाकायला मला तीन प्रयत्न आणि चार वर्षं लागली. आता जवळजवळ झाकली गेलीये, त्यामुळे ज्यांच्याकडे अशीच भिंत आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय.

पहिला प्रयत्न आयव्हीचा. मी नेटवर एव्हरग्रीन क्लाइंबर असं शोधलं, आणि जे सगळ्यात वर आलं ते इंग्लंडच्या घरांचे फोटो, लाल विटांवर गडद हिरवी आयव्ही, सोबत क्लेमॅटिस आणि स्टार जास्मिन. फोटो इतके सुंदर की पुढचा विचारच केला नाही. जानेवारीत एका नर्सरीतून सहा रोपं आणली, तिथल्या माणसानं उन्हात चालेल म्हणून सांगितलं. फेब्रुवारीपर्यंत छान होती. मार्चच्या शेवटी पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, मग पानांच्या मागे बारीक जाळी, म्हणजे लाल कोळी ही कीड, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत पानं हातात घेतली की पापडासारखी मोडायची. सहामधलं एक रोप मी कुंडीत काढून बाथरूमच्या खिडकीत ठेवलं ते अजून आहे. बाकी पाच गेली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की एव्हरग्रीन हा शब्दच मी दुसऱ्या हवेतला उचलला होता. तिकडे त्याचा अर्थ बर्फात, थंडीत पानं टिकणारी. आपल्याकडे पुण्याच्या थंडीत वेलींना फारसं काही होत नाही, आपल्याकडची परीक्षा असते माघापासून वैशाखापर्यंत. पाऊस जाऊन चार-पाच महिने झालेले, जमीन कोरडी, हवा कोरडी, पारा चाळीसच्या आसपास. आपल्याकडे जी पानगळ होते ती मुख्यतः पाण्याच्या ओढीनं होते. म्हणून नर्सरीत जाऊन ही एव्हरग्रीन आहे का असं विचारण्यात काही अर्थ नाही, ते हो म्हणणार. विचारायचं हे की ‘मे महिन्यात हिच्यावर पानं असतात का?’

आणि याचं खरं उत्तर नर्सरीत मिळत नाही कारण तिथे शेडनेट असतं आणि दिवसातून दोनदा पाणी. उत्तर मिळतं रस्त्यावर. त्या वर्षीचा सगळा मे महिना मी संध्याकाळी फिरायला जाताना लोकांच्या भिंती बघत फिरले. डेक्कन, प्रभात रोड, कर्वेनगर, सहकारनगरच्या आतल्या गल्ल्या. जिथे जुने बंगले अजून शिल्लक आहेत तिथे भिंतींवर पंधरा-वीस वर्षांच्या वेली आहेत, ज्यांना कोणी रोज पाणी घालत नाही. तिथे जी मे महिन्यात हिरवी ती खरी हिरवी. वेल निवडायची असेल तर हे एवढं तरी कराच, एक पैसा लागत नाही.

सगळ्यात जास्त दिसली बोगनवेल. ती कुठेही जगते आणि कमी पाण्यावर उलट जास्त फुलते (ते रंगीत असतात ती फुलं नसतात, फुलाभोवतीची पानं असतात, खरं फूल आत पांढरं इवलंसं). पण काटे. आमच्या भिंतीपासून धुणं वाळत घालायची दोरी चार फुटांवर आहे आणि घरात मुलं खेळतात, त्यामुळे तो विषय लगेच संपला.

मग गारवेल. हाताच्या पंजासारखी पाच बोटांची पानं, फिकट जांभळी फुलं, रेल्वेच्या कुंपणांवर असते ती. फुकट मिळते, एका पावसाळ्यात अख्खी भिंत झाकते आणि हिरवी राहते. ज्यांना घाई आहे त्यांना ही मोहात पाडते. मी मनापासून सांगते, लावू नका. ती भिंतीवर थांबत नाही. माझ्या मैत्रिणीच्या अंगणात ती भिंतीवरून शेवग्यावर गेली, शेवगा अख्खा पांघरुणाखाली गेल्यासारखा झाला आणि उजेड न मिळून त्याच्या फांद्या वाळल्या. जिथे कांडं मातीला टेकतं तिथे मुळं फुटतात, त्यामुळे ओढून काढली तरी तुकडा राहतो आणि परत येते.

मधुमालतीबद्दल मात्र जरा थांबून लिहिते कारण मला मनातून तीच हवी होती. माहेरी दारावर होती. संध्याकाळी दिवेलागणीला तिच्या लांब दांड्यांच्या कळ्या उमलतात तेव्हा फूल पांढरं असतं, वास तेव्हाच सगळ्यात जास्त, दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं आणि मग लाल. रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, पांढरं फूल आणि वास त्यांच्यासाठी, दिवसा रंग आल्यावर मधमाशा आणि फुलपाखरं. एका घोसात तिन्ही रंग एकाच वेळी लटकलेले असतात आणि लहानपणी आम्हाला वाटायचं तीन वेली एकत्र आहेत. त्या लांब दांड्या एकमेकींत विणून आम्ही गजरे करायचो, दोरा लागायचा नाही.

पण मे महिन्याच्या फेरफटक्यात जितक्या मधुमालती पाहिल्या त्यातल्या निम्म्यांवर पिवळी पानं किंवा नुसत्या काड्या होत्या, पाणी असलेल्या जागीच ती भरलेली होती. दुसरं म्हणजे ती वर जाते. खाली चार फुटांपर्यंत जाड, लाकडासारखं खोड आणि सगळी पानं-फुलं वर. तिला भिंत नको, कमान पाहिजे किंवा दुसऱ्या मजल्याची गच्ची पाहिजे. शिवाय वजन खूप, आणि जमिनीतून फुटवे इतके येतात की दर पावसाळ्यात कुदळ घेऊन बसावं लागतं. सहा फुटांच्या भिंतीसाठी ती नाही हे मला मान्य करायला दोन महिने लागले.

आमच्याकडे महिन्यातून दोनदा माळीमामा येतात. मी त्यांना माझी यादी वाचून दाखवली, फुलं कोणती, रंग कोणता, वास आहे का. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, फुलाचं नंतर बघू. ती चढते कशी ते आधी बघा.” मग त्यांनी जे सांगितलं ते मला वाटतं वेल निवडण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि कुठल्याही नर्सरीच्या पाटीवर ती लिहिलेली नसते.

काही वेली स्वतःच आधाराभोवती पिळा घालत जातात, गोकर्ण, गारवेल. त्यांना बारीक तार किंवा दोरी लागते, सपाट भिंतीला त्या काही करू शकत नाहीत. काहींना तणावे असतात, स्प्रिंगसारखे, कृष्णकमळाला, संक्रांतवेलीला, त्यांना जाळी लागते. काही नुसत्या एकमेकांच्या अंगावर रेलत, अडकत जातात, बोगनवेल काट्यानं, मधुमालती जुन्या देठांचा कडक झालेला भाग असतो त्यावर अडकून, त्यांना बांधावं लागतं. आणि काही स्वतःची मुळं भिंतीत घालतात. मनीप्लांट, आयव्ही आणि फायकस.

फायकस म्हणजे ती बारीक, बदामाच्या आकाराच्या पानांची, भिंतीला चिकटून रंग दिल्यासारखी पसरणारी वेल, नर्सरीत वॉल क्रीपर म्हणून मिळते. चीन-जपानकडची आहे. खरं सांगायचं तर भिंत झाकण्यासाठी हिच्यासारखी दुसरी नाही, मे महिन्यातही गडद हिरवी, जाळी नको, तार नको, बांधणं नको. मी जवळजवळ ठरवलं होतं. माळीमामा म्हणाले, “लावा, पण ही भिंत खाते.”

मी मैत्रिणीकडे जाऊन बघितलं, तिच्या भिंतीवर पाच वर्षांची आहे. एक फांदी धरून हळूच ओढली. चर्र आवाज करत ती सुटली आणि तिच्या मागे रंगाचा अख्खा पापुद्रा आला, काही ठिकाणी प्लास्टरचे कण. फांदी उलटी करून बघितली तर मागे गोमेच्या पायांसारख्या तपकिरी मुळांच्या ओळी, प्रत्येक मुळाच्या टोकाला रंगाचा ठिपका चिकटलेला. भिंतीवरही तशाच ओळी उमटलेल्या, आणि त्या घासून जात नाहीत. चार्ल्स डार्विननं वेली कशा चढतात यावर खूप निरीक्षणं करून ठेवली आहेत, १८६५ साली ती छापून आली, त्यात या फायकसचाही उल्लेख आहे. त्यानं तिची मुळं काचेवर टेकवून ठेवली तेव्हा काही दिवसांनी त्यातून चिकट द्रवाचे बारीक थेंब आले. म्हणजे ती नुसती धरत नाही, डिंक लावते.

अजून एक. ही वेल लहान असते तेव्हाची पानं नखाएवढी असतात, पण वरपर्यंत पोचून वयात आली की तिला वेगळ्याच जाड, मोठ्या पानांच्या फांद्या फुटतात आणि त्या भिंतीला न चिकटता सरळ बाहेर येतात, त्यांना हिरवी अंजिरासारखी फळं धरतात. फायकस म्हणजे शेवटी वड-उंबराच्याच घरातली. त्या फांद्या सतत कापत राहिलं तरच ती सपाट राहते. कापताना पांढरा चीक येतो, काहींच्या हाताला खाज सुटते.

तर फायकस कोणासाठी? तुमची भिंत काळ्या दगडाची असेल, किंवा नुसत्या काँक्रीटची, रंग नाही, प्लास्टर नाही, तडे नाहीत, तर बिनधास्त लावा, त्या दगडावर ती जी दिसते त्याला तोड नाही. माझी भिंत टकटक केलं की दोन-तीन ठिकाणी पोकळ वाजत होती. म्हणजे प्लास्टर विटांपासून सुटलेलं. अशा भिंतीवर मुळं घालणारी वेल लावली की आतला ओलावा दिसणार नाही आणि वेल कधी काढायची वेळ आली तर प्लास्टर घेऊन येणार.

मग दुसरा प्रयत्न, कृष्णकमळ. घरात आईंना (माझ्या सासूबाई) फार हौस होती. बाहेरच्या बारीक पाकळ्या म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पांडव, वरचे तीन म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, त्यांनी नातवंडांना प्रत्येक फूल मोजून दाखवलं. जाळी ठोकली आणि जूनमध्ये चार वेली लावल्या. तणावे बघण्यासारखे असतात. मी एका तणाव्याला सकाळी काडीनं हलकेच घासून ठेवलं आणि चहा पिऊन आले तोवर त्याचं टोक वळलेलं. तार सापडली की दुसऱ्या दिवशीपर्यंत घट्ट वेटोळी, आणि मग मधला भाग स्प्रिंगसारखा पिळला जाऊन वेलीला तारेकडे ओढून घेतो.

पहिल्या वर्षी भिंत निम्मी भरली. दुसऱ्या वर्षी श्रावणात सगळीकडे काटेरी, लालसर तपकिरी अळ्या, झुंडीनं. टॉनी कोस्टर नावाचं केशरी फुलपाखरू आहे, ते या वेलीवर अंडी घालतं. आठवड्याभरात तीस फुटांच्या भिंतीवर एकही पान राहिलं नाही. माळीमामा औषध मारायचं म्हणत होते, मी नाही मारू दिलं, पुढे पंधरा दिवस अंगणात केशरी फुलपाखरं इतकी होती की मुलं शाळेतून आली की दप्तर टाकून मागेच पळायची. वेलीला परत पानं आली, ती परत खाल्ली गेली. फुलपाखरं हवी असतील तर कृष्णकमळासारखी वेल नाही, पण भिंत झाकायची असेल तर ती वर्षातून दोनदा तरी उघडी पडणार. मी ती गच्चीवर हलवली, तिथे तिनं हवं तेवढं उघडं पडावं.

आणि तिसरी, जी राहिली ती लसूणवेल.

ऑक्टोबरमध्ये प्रभात रोडच्या एका गल्लीत एका जुन्या बंगल्याच्या भिंतीवर पाहिली. दुरून मला बोगनवेल वाटली इतका रंग होता. जवळ गेले तर कर्ण्यासारखी फुलं, काही गडद जांभळी, काही फिकट, काही जवळजवळ पांढरी, एकाच घोसात. फूल उमलतं तेव्हा गडद असतं आणि दिवसागणिक फिकं पडत जातं. मी मे महिन्यात याच गल्लीतून गेले होते आणि ही भिंत तेव्हाही हिरवीगार होती, फक्त फुलं नव्हती म्हणून माझं लक्ष गेलं नव्हतं! फाटकात एक आजोबा उभे होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “पान चुरगळून बघा.” चुरगळलं, तर स्वच्छ फोडणीला टाकलेल्या लसणाचा वास. म्हणाले पंधरा वर्षं झाली, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, कीड नाही, गुरं तोंड लावत नाहीत. आणि मला आत बोलावून हातभर लांबीच्या बारा काड्या कापून ओल्या कापडात गुंडाळून दिल्या. अशा माणसांमुळेच बागा पसरतात.

मूळची ती दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण भागातली, त्यामुळे ऊन तिला हवंच असतं, सावलीत लावली तर पानं येतील पण फुलं कमी. आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठा बहर येतो, आणि वर्षात अजून एखादा छोटा. पानं जोडीजोडीनं, जाडसर, चकचकीत, आणि दोन पानांच्या मधून तणावा निघतो त्याला पुढे तीन फाटे. म्हणजे जाळीवर आपली आपण चढते, भिंतीला हात लावत नाही. बारा महिने हिरवी ही पहिली अट आणि भिंतीला धक्का नको ही नंतर आलेली, दोन्ही बसल्या.

आईंना काळजी वेगळीच. “अगं, चातुर्मासात आपण लसूण घरात आणत नाही, आणि दारात लसणाची वेल?” मी म्हटलं, “आई, ही लसूण नाहीये, फक्त पानाला वास आहे, आणि तोही चुरगळल्याशिवाय येत नाही.” त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, “असू दे, पण देवाला ही फुलं नको हं.” देवासाठी जाई आहे पुढच्या अंगणात, त्यामुळे तो प्रश्न तिथे मिटला.

बारा काड्यांपैकी आठ लागल्या. त्या कुंडीत वाढत होत्या तोवर मी भिंतीचं काम करून घेतलं, आणि हे कृष्णकमळाच्या वेळी मी केलं नव्हतं ती चूक होती. वेल एकदा चढली की मागची भिंत पुढची दहा वर्षं तुमच्या हाताला लागत नाही, त्यामुळे आधी भिंत आणि मग वेल. तारेच्या ब्रशनं शेवाळ घासून काढलं, पोकळ वाजणारं प्लास्टर तोडून नवीन केलं, तडे भरले, वॉटरप्रूफिंगचा हात दिला आणि त्यावर रंगाचे दोन हात. मग जाळी. वेल्डमेशची, गॅल्व्हनाइज केलेली, दोन इंची चौकोन. ती थेट भिंतीवर ठोकायची नाही. आम्ही पाइपचे चार इंच लांबीचे तुकडे मधे घालून भिंतीपासून चार इंच पुढे बसवली, म्हणजे मागून हवा खेळते, पावसानंतर भिंत वाळते, आणि उन्हाळ्यात वेलीची सावली भिंतीवर पडते पण वेल तापलेल्या सिमेंटला टेकत नाही. ड्रिल मारलेल्या प्रत्येक भोकात सीलंट भरायला सांगा, फॅब्रिकेटर आपणहून भरत नाही आणि पाणी तिथूनच आत जातं. जाळीचं वरचं टोक भिंतीच्या माथ्यापेक्षा सहा इंच खाली ठेवलं.

ते सहा इंच शेजारच्या काकूंसाठी. भिंत दोघांची, वेल माझी, त्यामुळे लावायच्या आधी जाऊन विचारलं. काकू म्हणाल्या, “अगं येऊ दे की इकडे पण फुलं.” काका म्हणाले की पाण्याच्या टाकीत पाला पडायला नको. मी दर पंधरा दिवसांनी शिडी लावून वरची टोकं खुडते. आधी बोललेलं बरं असतं, वेलीवरून वर्षानुवर्षं न बोलणारी घरं मी पाहिली आहेत.

साप येतील हे मला निदान दहा जणांनी सांगितलं. साप वासाला येत नाहीत, ते येतात उंदीर-बेडकांमागे, आणि उंदीर येतात दाट पाल्यात आणि अडगळीत. म्हणून वेलीचा खालचा एक फूट मी कायम मोकळा ठेवते, जमिनीवर पसरणारी फांदी कापते, आणि भिंतीला टेकून फरशा, कुंड्या, लाकडं काही ठेवू देत नाही.

लावणी आषाढात केली. दीड फूट लांब-रुंद-खोल पाच खड्डे, सहा-सहा फुटांवर, भिंतीपासून एक फूट पुढे, कारण अगदी भिंतीलगत पायाचं काँक्रीट आणि डबर असतं. माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. सगळ्यात जास्त मेहनत पहिल्या वर्षी आहे आणि ती पाण्याची नाही, आडवं बांधायची आहे. वेलीला वर जायची घाई असते. तसं जाऊ दिलं की सहा महिन्यांत टोक जाळीच्या वर आणि खाली चार फूट नुसत्या दोऱ्या. म्हणून नवीन फांदी हातभर झाली की मी ती वाकवून जाळीवर जवळजवळ आडवी करायची आणि जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी सैल बांधायची. आडव्या फांदीच्या प्रत्येक डोळ्यातून वरच्या दिशेनं फुटवे येतात आणि त्यानं भिंत खालपासून भरते. नायलॉनची सुतळी वापरू नका, खोड जाड झालं की ती आत रुतते.

पहिल्या वर्षी लोकांनी विचारलं, काही झालं नाही का अजून? दुसऱ्या पावसाळ्यात निम्मी भिंत झाकली गेली. ऑक्टोबरात पहिला बहर, तेवीस घोस, मी मोजले. काळे भुंगे दिवसभर. छाटणी बहर संपल्यावर लगेच, कारण फुलं नवीन फुटव्यांवर येतात, उशीर केला तर पुढचा बहर आपणच कापून टाकतो.

ज्यांच्याकडे जमीन नाही, फक्त वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा कठडा आहे, त्यांच्यासाठी कर्टन क्रीपर ठीक आहे, वर्नोनिया म्हणून मिळते ती. वरून लावायची आणि पडद्यासारखी खाली सोडायची, भिंतीला काही होत नाही आणि हिरवी राहते. फक्त ती वरच्या कुंडीतल्या मूठभर मातीवर जगते, त्यामुळे उन्हाळ्यात गावाला गेलात तर कोणालातरी किल्ली देऊन जा. आणि फाटकावर टाकायला संक्रांतवेल, जानेवारीत केशरी फुलांनी लदलेली, बाकी वर्षभर नुसती हिरवी. माझ्या यादीत लसूणवेलीनंतर तीच होती.

यंदा मे महिन्यात मी रात्री नऊ वाजता जाळीच्या मागे हात घालून भिंतीला लावला. उबदार होती, गरम नव्हती. किचनची खिडकी आता आम्ही संध्याकाळी उघडी ठेवतो. पानं सगळी जागेवर, थोडी मरगळलेली, पाणी घातलं की सकाळी टवटवीत. एवढ्यासाठी चार वर्षं गेली आणि मला ती अजिबात वाया गेलेली वाटत नाहीत.

छाटायला काढलेली एक बाजू तशीच राहिलीये, कारण माळीमामांनी कात्री घातली आणि पानांच्या आत बुलबुलाचं घरटं निघालं, तीन अंडी, गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची. मामांनी कात्री खिशात घातली आणि फांदी होती तशी परत सरकवली. पिल्लं उडाली, पण आता तिथेच दुसऱ्यांदा काड्या आणणं चालू आहे, त्यामुळे तो कोपरा पावसाळ्यापर्यंत वाढतच राहणार.

टाकीकडचे पाच फूट अजून उघडे आहेत. तिथे ड्रेनेजचं चेंबर आहे म्हणून खड्डा घेता आला नाही. जाळीचा तुकडा उरलाय, एक जुना ड्रम आहे. आईंना तिथे जुई हवीये, आणि माळीमामांचं म्हणणं आहे की ड्रममध्ये जुई उन्हाळा काढेल, फक्त खाली विटांचे तुकडे आणि वर पालापाचोळ्याचा थर पाहिजे. आषाढात लावतोय.